मोहर्लीच्या उन्हातली बाटली

ताडोब्याच्या निमढेला परिसरातील पाण्यातून प्लास्टिकची बाटली तोंडात धरून नेणाऱ्या वाघाची चित्रफीत फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर पाहिली गेली. त्यावर पुष्कळ हळहळ झाली. पण ती सारी रिकाम्या बाटलीविषयी. मोहर्लीच्या प्रवेशद्वारापाशी मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत तापत पडलेल्या भरल्या बाटलीतील पाण्यात काय उतरते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

‘पेट’ हे प्लास्टिक वितळवून साच्यात घालताना त्याचे काही रेणू तुटतात आणि अॅसिटाल्डिहाइड तयार होते. ते वीस अंशांच्या आसपासच उकळते. बाटलीच्या भिंतीत अडकलेले हे द्रव्य उष्णतेने सुटते आणि पाण्याला गोडसर चव आणते. घाबरण्याचे कारण नाही. पिकलेल्या फळांतही ते असते. परंतु किती, हे मोजल्यावाचून कसे कळावे?

मोजण्याची रीत अशी. प्लास्टिकचे तुकडे बंद कुपीत तापवायचे, वर साचलेली वाफ लांब बारीक नळीतून सोडून घटक वेगळे करायचे आणि वस्तुमान-वर्णपटमापकात इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने त्यांचे रेणू फोडून तुकड्यांची वस्तुमाने पाहायची. मात्र नुसते यंत्र पुरत नाही. अॅसिटाल्डिहाइडच्या रेणूचे वस्तुमान ४४, आणि कार्बन डायऑक्साइडचेही ४४! जाणकार मनुष्य म्हणूनच २९ वस्तुमानाचा तुकडाही पाहतो. कार्बन डायऑक्साइडपासून तो जवळजवळ मिळतच नाही.

आपल्याकडील सर्वसाधारण कसोटी, आय. एस. ९८४५, ही अन्नसदृश द्रवात प्लास्टिक ठेवून, मग तो द्रव आटवून, खाली उरलेल्या अवशेषाचे वजन करते. मर्यादा किलोग्रॅममागे ६० मिलिग्रॅम. जे आटवतानाच उडून गेले, ते तराजूवर यावे कसे? जड द्रव्यांसाठी ही कसोटी योग्यच आहे. बाष्पनशील द्रव्यांविषयी मात्र ती मुकी आहे. पुनर्चक्रित पेट अन्नाच्या वेष्टनासाठी वापरण्याचा मार्ग २०२२ मध्ये मोकळा झाला. त्याचे पूर्वायुष्य कोणाला ठाऊक? तेव्हा हे मौन अधिकच खटकते.

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. बहुवारिकांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पुण्यात आहे. अन्न व औषध प्रशासनाने येत्या मे महिन्यात मोहर्लीच्या दुकानांतून आणि पर्यटकांच्या जिप्सींतून बाटल्या उचलाव्यात, विद्यापीठातील विद्यार्थ्यांना पुण्यात ही तपासणी शिकू द्यावी आणि आलेले आकडे, चांगले असोत वा वाईट, प्रवेशद्वारावर मराठीत लावावेत.