'नीट'च्या रांगेतील थकलेली मुले

मे महिन्याचा पहिला रविवार आला, की गेली काही वर्षे आपल्या अनेक घरांत एक निराळीच शांतता पसरलेली असते. सकाळच्या मिस्साहून परतलेली आई मुलीचे प्रवेशपत्र पुन्हा एकदा तपासते, वडील परीक्षाकेंद्राचा रस्ता विचारून घेतात आणि मुलगी मात्र काहीच बोलत नाही. दुपारी दीड वाजता केंद्राचे दार बंद होते. दोन वाजता प्रश्नपत्रिका हाती पडते. २०२५ साली तीन तासांत १८० प्रश्न आणि ७२० गुण असे तिचे स्वरूप होते. एमबीबीएस असो वा बीडीएस, देशभर प्रवेशाचा दरवाजा हा एकच, 'नीट'.

या परीक्षेविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. पेपरफुटी, न्यायालयीन लढे, गुणवंतांची छायाचित्रे, क्लासेसच्या पानभर जाहिराती, सारे काही वाचावयास मिळते. परंतु या परीक्षेच्या तयारीत दोन-दोन, तीन-तीन वर्षे घालविणाऱ्या मुलांच्या मनाचे काय होते, याची चर्चा एखादी दुःखद घटना घडल्यावरच होते आणि चार दिवसांत विरूनही जाते. ही चर्चा शांतपणे, घटनेची वाट न पाहता व्हावी, असे आम्हांस वाटते. त्यातही दंतवैद्यकाकडे जाऊ इच्छिणाऱ्या, किंवा नशिबाने तिकडे वळणाऱ्या, मुलांचा विचार आम्ही येथे प्रामुख्याने करीत आहोत. कारण त्यांच्या वाट्याला थकवा तर येतोच, शिवाय 'आपण दुसऱ्या दर्जाचे' ही बोचही येते.

आकडे काय सांगतात?

२०२५ साली सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली. त्यांपैकी सुमारे १२ लाख ३६ हजार 'पात्र' ठरले. हा 'पात्र' शब्द फसवा आहे. पात्र ठरणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. देशात एमबीबीएसच्या जागा त्या सुमारास सव्वा लाखाच्या आतबाहेर होत्या आणि बीडीएसच्या २७ ते २८ हजारांच्या घरात. बीडीएसच्या जागांतील मोठा वाटा खासगी महाविद्यालयांचा, म्हणजे मोठ्या शुल्काचा. दोन्ही मिळून हिशेब केला, तर साधारण पंधरा परीक्षार्थींमागे एक जागा येते. म्हणजे सर्वच्या सर्व मुलांनी जिवापाड अभ्यास केला, तरी पंधरांपैकी चौदांना या दोन अभ्यासक्रमांबाहेर राहावेच लागणार. हा गणिताचा नियम आहे. तो मुलांच्या आळसाचा पुरावा नव्हे. घरात मात्र त्या चौदांपैकी प्रत्येकाला वाटत राहते, की कमी पडलो तो मीच.

गुणांचे मापही स्थिर नाही. २०२४ साली निकाल लागला, तेव्हा ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे ६७ विद्यार्थी होते. १५६३ विद्यार्थ्यांना दिलेले वाढीव गुण पुढे रद्द झाले आणि त्यांच्यासाठी फेरपरीक्षेची सोय झाली. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाच्या उत्तराबाबतचा निर्णय बदलला आणि अंतिम यादीत पूर्ण गुणांचे विद्यार्थी १७ उरले. पुढच्याच वर्षी, २०२५ साली, पूर्ण गुण कोणालाच मिळाले नाहीत. देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. आता असे म्हणावे काय, की एका वर्षात देशातील मुलांची बुद्धी घटली? अर्थातच नाही. प्रश्नपत्रिका कठीण निघाली, एवढेच. परंतु ज्या घरात 'गेल्या वर्षी शेजारच्या मुलाला साडेसहाशे मिळाले, तुला पाचशेच कसे?' असा प्रश्न विचारला जातो, त्या घरात हा साधा खुलासा कोणी करीत नाही.

बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, असा हा हिशेब. म्हणजे एक प्रश्न बरोबर येणे आणि चुकणे यांत पाच गुणांचे अंतर पडते. जेथे हजारो मुले जवळजवळ सारख्याच गुणांवर दाटीने उभी आहेत, तेथे एवढ्या अंतराने क्रमांक हजारोंनी मागे जाऊ शकतो. अशा मोजपट्टीवर स्वतःची किंमत ठरविणे हा स्वतःवर केलेला मोठा अन्याय होय.

थकवा आणि शंका

अतिश्रमाने येणाऱ्या या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची तीन लक्षणे नोंदविली: शक्ती संपून गेल्यासारखी वाटणे, कामाविषयी अलिप्तता किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरतीच ठेवली आहे, हे खरे. पण रोज बारा-चौदा तास पुस्तकावर बसणाऱ्या मुलाचे हे काम नव्हे तर काय? तीच लक्षणे आपल्याला घरोघरी दिसतात. मूल पुस्तक उघडून बसते, पान मात्र उलटत नाही. पूर्वी आवडणारे जीवशास्त्र नकोसे होते. टेस्ट सिरीजचा निकाल पाहण्याचेही ते टाळू लागते. पालकांना तो आळस वाटतो. खरे तर ती विझत चाललेल्या दिव्याची खूण असते.

दुसरी गोष्ट आत्मशंकेची. पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७८ साली एक निरीक्षण मांडले. उत्तम कामगिरी करणाऱ्या कित्येक स्त्रियांना मनातून वाटत असते, की आपले यश नशिबाचे आहे आणि एक दिवस आपले पितळ उघडे पडणार. पुढे पुरुषांतही हीच भावना आढळून आली. आपल्या मुलांच्या बाबतीत या शंकेला आणखी एक कारण आहे, ते भाषेचे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले मूल अकरावीला विज्ञान शाखेत जाते आणि एका रात्रीत 'पेशी'चा 'सेल' होतो, 'जडत्वा'चे 'इनर्शिया' होते, 'प्रकाशसंश्लेषणा'चे 'फोटोसिन्थेसिस' होते. विषय ठाऊक असूनही शब्द अनोळखी, म्हणून मूल वर्गात गप्प बसते. आणि गप्प बसता बसता आपल्याला काही येतच नाही, अशी त्याची खात्री होऊन जाते. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. परंतु अकरावी-बारावीचा आणि क्लासचा अभ्यास इंग्रजीतून झाल्यावर त्या सोयीचा लाभ घेणारे थोडेच.

'डेंटलच मिळाले का?'

आमच्या परिचयातील एका कुटुंबातील मुलगी. बारावीनंतर एक वर्ष घरी राहून तिने पुन्हा परीक्षा दिली. त्या वर्षात ती एकाही लग्नाला गेली नाही, नाताळच्या दिवसांतही दार लावून बसली. दुसऱ्या प्रयत्नात तिला बीडीएसला प्रवेश मिळाला. रविवारी चर्चच्या आवारात एका शेजारणीने तिला विचारले, "डेंटलच मिळालं का गं? एमबीबीएस नाही जमलं?" विचारणाऱ्या बाईंच्या मनात दुष्टावा नव्हता. परंतु त्या 'च'ने त्या मुलीच्या दोन वर्षांच्या श्रमांवर पाणी फिरवले. पुढे कितीतरी दिवस ती आवारात न थांबता थेट घरी जात असे.

पहिल्या वर्षी तिला दुसरा धक्का बसला. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन या विषयांबरोबर बीडीएसच्या विद्यार्थ्याला मेणाच्या ठोकळ्यातून दाताचा हुबेहूब आकार कोरावा लागतो. पुस्तकात पहिली येणारी ही मुलगी हातातील मेण वारंवार मोडू लागली. आपण चुकीच्या ठिकाणी आलो, असे तिने ठरवूनही टाकले. तिला कोणीतरी सांगावयास हवे होते, की 'नीट'मध्ये हाताच्या कौशल्याची परीक्षा होतच नाही. म्हणून हे कौशल्य पहिल्या दिवशी नसणे हा दोष नसून ते शिकण्यासाठीच हा अभ्यासक्रम आहे. अमेरिकेत दंतवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत आकार आणि अवकाश ओळखण्याचा एक स्वतंत्र भाग तरी असतो. आपल्याकडे तेवढीही पूर्वसूचना नाही. सुदैवाने एका ज्येष्ठ विद्यार्थिनीने स्वतःचे पहिल्या वर्षीचे मोडके दात तिला दाखविले. ती हसली आणि पुन्हा मेण हाती घेतले.

शासन आणि न्यायालय

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. राज्यांत सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती. अशा घटनेमागे एकच कारण क्वचितच असते, म्हणून सारा दोष परीक्षेच्या माथी मारणे योग्य होणार नाही. परंतु परीक्षेला निर्दोष ठरविणेही तितकेच अयोग्य.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक शिकवू नये, आठवड्याला एक सुटी द्यावी आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी घेऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात निर्णय देताना, सर्व शिक्षणसंस्था आणि क्लासेससाठी पंधरा निर्देश दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या वेगवेगळ्या तुकड्या पाडू नयेत, कोणाला चारचौघांत लज्जित करू नये, हे त्यांतील काही. निर्देश चांगले आहेत. पण आपल्या मुलाच्या क्लासमध्ये ते पाळले जातात काय, हे शुल्क भरताना किती पालक विचारतात? प्रश्न विचारणारा पालक नसेल, तर कागदावरचा नियम कागदावरच राहतो.

आपण काय करावे?

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे, की झोप तोडून अभ्यास करू नका. वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेत चालते, हे विज्ञानाने दाखवून दिले आहे. रात्रीची झोप हा अभ्यासाचाच भाग आहे. चाचणीचे गुण पाहून पुस्तक मिटू नका. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीन रकान्यांत मांडा: येत नव्हता, येत होता पण विसरलो, येत होता पण घाईत चुकला. 'मला काही येत नाही' हा निकाल मग आपोआप 'मला प्रकाशिकीची दोन प्रकरणे येत नाहीत' एवढा लहान होतो, आणि लहान गोष्टीवर उपाय सापडतो. दंतवैद्यकाची ओढ असेल, तर ओळखीच्या दंतवैद्यांच्या दवाखान्यात परवानगीने एक दिवस बसून काम पाहा. आपण कशासाठी श्रमत आहोत, हे डोळ्यांनी पाहिलेले असले, की कंटाळ्याच्या दिवशी ते उपयोगी पडते. आणि पुन्हा परीक्षा द्यावयाची झाल्यास, किती वेळा द्यावयाची, हे निकालानंतरच्या उद्वेगात न ठरवता आधीच, घरच्यांसमवेत बसून ठरवा.

पालकहो, तुमच्या त्यागाची आठवण मुलांना रोज करून देऊ नका. ती त्यांना आहेच. तिच्याच ओझ्याखाली ती गप्प आहेत. गुणांऐवजी 'आज जेवलास का, झोप झाली का' हे आधी विचारा. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, झोप वा भूक बदलली असेल, आवडत्या गोष्टींत मन लागत नसेल, तर तो थकव्याच्या पलीकडचा प्रश्न असू शकतो. तेथे उपदेश पुरत नाही, डॉक्टर हवा. जगण्याचाच कंटाळा आल्याचे ते बोलू लागले, तर एक दिवसही थांबू नका आणि त्याला एकटे सोडू नका. शासनाची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

आणि आपण सारे धर्मग्रामवासी? गुणवंतांचा सत्कार आपण आवर्जून करतो, तो करावाच. परंतु ज्यांचे नाव यादीत नाही, त्यांच्यासाठीही निकालाच्या आठवड्यात एक मार्गदर्शन सभा ठेवता येईल. बीडीएस, आयुर्वेद, होमिओपथी, परिचर्या, औषधनिर्माण, विज्ञानातील पदवी, अशा वाटांवर आज चालत असलेली आपलीच तरुण मंडळी तेथे बोलली, तर त्याचा उपयोग कोणत्याही भाषणाहून अधिक होईल. घरात जागा अपुरी असलेल्या मुलांना सायंकाळी एखादी शांत खोली देता आली, तरी ते मोठेच काम ठरेल.

वर सांगितलेली मुलगी आता रुग्ण तपासू लागली आहे. परवा त्याच शेजारणीची दाढ दुखू लागली, तेव्हा ती हिच्याच महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेली. हिने तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसविले. 'डेंटलच का' हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. आता निकालाच्या दिवसांत चर्चच्या आवारात एखादे मूल मान खाली घालून जाताना दिसेल, तेव्हा गुण न विचारता त्याला नुसती हाक मारली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.