शाळेची पारख कोणत्या मापानें?

निरनिराळ्या देशांतील पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची एकाच मापानें परीक्षा घेण्याचा प्रघात सन २००० पासून पडला आहे. २०२२ सालीं गणितांत ५७५ गुण मिळवून सिंगापूर पहिलें आलें. फिनलंडचे गुण २००६ सालीं ५४८ होते, ते ४८४ वर उतरले. हे आंकडे निरर्थक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यांचा चरितार्थ जमिनीवर आहे त्यांनीं शाळेची पारख करतांना डेन्मार्ककडेहि पाहावें.

तेथें ग्रुंटविग यांच्या विचारांस अनुसरून १८४४ सालीं रोडिंग गांवीं पहिलें लोकविद्यालय निघालें. शेतकऱ्यांचे तरुण मुलगे हिवाळ्यांत, कामें थंडावलीं म्हणजे, अशा विद्यालयांत येऊन राहत. मुलींचे वर्ग पुढें उन्हाळ्यांत भरूं लागले. परीक्षा नाहीं, प्रमाणपत्र नाहीं. आणि गंमत अशी कीं, नांगर व खत हे तेथील मुख्य विषयहि नव्हते! स्वदेशाचा इतिहास, मातृभाषा, गाणीं व चर्चा यांवरच भर. व्यवहारी गृहस्थ याला वेळेचा अपव्यय म्हणेल. परंतु १८७० नंतर अमेरिका व रशिया येथील स्वस्त धान्यानें युरोपचा बाजार भरला, तेव्हां याच शेतकऱ्यांनीं धान्य सोडून दुभत्याची कांस धरली. १८८२ सालीं पश्चिम जटलंडांतील येडिंग गांवीं पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. अशा संस्थांत मत बहुधा माणशी एक. गाई दहा असोत वा शंभर. एकत्र बसून दुसऱ्याचें ऐकून घेण्याची संवय लागल्याखेरीज असा कारभार झेपत नाहीं, अशी आमची समजूत आहे.

मात्र या उदाहरणावरून परीक्षाच नको म्हणणारे एक गोष्ट विसरतात. डेन्मार्कनें १८१४ सालींच सात वर्षांचें शिक्षण सक्तीचें केलें होतें. लोकविद्यालयांत येणारा मुलगा आधींच लिहितावाचता होता.

आपल्याकडे त्याच १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढील निवेदनांत लेखन, वाचन व हिशेबांबरोबर शेतीचेंहि प्राथमिक ज्ञान द्यावें आणि त्यासाठीं नमुन्याचें लहान शेत असावें, असें सुचविलें होतें. शिकलेला मुलगा शेताकडे पाठ फिरवितो म्हणून आपण शाळेला दोष देतों. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत पाऊण हिस्सा सभासद पालकच असावेत असें ठरविलें आहे. नमुन्याच्या शेताचा प्रश्न त्या समितीच्या येत्या सभेंत मांडण्यास आपणांस कोणाची आडकाठी आहे?