वाजंत्र्यांचे नातू

‘क्रुझेनश्टेर्न आणि आगबोट’ हे एका रॉक बँडचे नाव आहे असे सांगितले तर वाचकांना ती थट्टा वाटेल. आहेही थट्टाच. इव्हान क्रुझेनश्टेर्न हा १८०३ ते १८०६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला रशियन दर्यावर्दी. १९८४ सालच्या एका लाडक्या सोव्हिएत कार्टूनपटात त्याची ओळख एकाच दमात ‘माणूस’ आणि ‘आगबोट’ अशी करून दिलेली आहे. सोव्हिएत घरात वाढलेल्या कुणालाही हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. मात्र हा बँड मॉस्कोचा नाही, इस्राएलचा आहे. इगोर क्रुतोगोलोव बासगिटार वाजवतो आणि अधूनमधून किंचाळतो, रुस्लान ग्रॉस क्लॅरिनेट वाजवतो, बोरिस मार्त्सिनोव्स्की अकॉर्डियन आणि गाय शेख्तर ड्रम. २००२ च्या सुमारास ही मंडळी एकत्र आली. रॉक म्हटले की जी गिटार डोळ्यांपुढे येते, ती यात नाहीच.

ते वाजवतात ते क्लेझ्मर. म्हणजे काय, तर पूर्व युरोपातल्या यिडिशभाषक ज्यूंच्या लग्नातली वाजंत्री. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ नुसता ‘गाण्याची साधने’, पण पुढे तो वाजवणाऱ्यालाच चिकटला, आणि फारशा आदराने नव्हे. सनई-चौघड्यावाचून आपले लग्न लागत नाही, पण वाजंत्र्यांची पंगत मात्र शेवटची, तसाच प्रकार. या संगीतातला एक आवडता स्वरसमूह आपल्या बसंत मुखारीच्या सुरांशी जुळतो. खाली भैरवाचे अंग, वर भैरवीचे. त्यामुळे आपल्या कानाला ते परके वाटत नाही. क्लॅरिनेट तर नाचता नाचता मध्येच हुंदका देते. नवरीला रडवायचे आणि पाठोपाठ वऱ्हाडाला नाचवायचे, हेच त्या वाजंत्र्यांचे काम होते.

ही लग्ने जिथे लागत, ती गावे हिटलरच्या फौजांनी माणसांसकट पुसून टाकली. उरलेसुरले स्टालिनने मोडले. यिडिश रंगभूमीचा मोठा नट सोलोमन मिखोएल्स याचा जानेवारी १९४८ मध्ये मिन्स्कला खून करवण्यात आला, पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्याचे मॉस्कोतले नाट्यगृह बंद झाले, आणि १२ ऑगस्ट १९५२ रोजी तेरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत यिडिशचे नामवंत कवी-लेखक होते. त्यानंतर घरात आजी-आजोबा यिडिश बोलत, ते बहुधा मुलांना कळू नये म्हणून.

नातवंडे रशियनमध्ये वाढली. तरी अंतर्गत पासपोर्टवर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘ज्यू’ असे लिहिलेले असेच. १९८९ नंतर दरवाजे उघडले आणि दहा-बारा वर्षांत सुमारे दहा लाख लोक इस्राएलला आले. ज्या देशाची लोकसंख्या पंचेचाळीस लाख, त्याच्यावर हा लोंढा. त्यांत इतके संगीतकार होते की विमानातून उतरणाऱ्याच्या हातात व्हायोलिनची पेटी नसेल तर तो पियानोवादक समजावा, असा विनोदच रूढ झाला. गंमत (ती भोगणाऱ्याला गंमत वाटत नसणार) अशी की उतरल्या उतरल्या त्यांचे नाव बदलले. तिकडे जन्मभर ‘ज्यू’ म्हणून हिणवले गेले, इकडे सगळे ‘रशियन’ झाले. मग तो माणूस ओडेसाचा असो की ताश्कंदचा.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलींचीही हीच कथा आहे. इथे ते शनवार तेली, तिथे ‘हिंदी’. बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचणारी ही माणसे. इस्राएलमध्ये गेल्यावर त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. परक्या मुलखात मायबोली ही शब्दशः शिदोरी असते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

पण क्रुतोगोलोवच्या पिढीची पंचाईत वेगळी. त्यांची मायबोली रशियन, देशाची भाषा हिब्रू, आणि वारसा म्हणून जे हाती आले ते यिडिशमधले. नव्या देशाला तर सुरुवातीच्या काळात यिडिशची लाजच वाटे. ती पराभूतांची, गावकुसातली भाषा. मी तीसेक वर्षे बँकेत काढली. वर्षानुवर्षे व्यवहार नसलेल्या खात्याला आम्ही इनऑपरेटिव्ह म्हणत असू. खातेदाराचा पत्ता लागत नसे, पण शिल्लक लेजरवर असेच. वारस आला की सही जुळत नसे आणि तिथून कटकटी सुरू होत.

या बँडची सही जुळत नाही, हीच त्याच्यावरची तक्रार आहे. हे क्लेझ्मर नव्हे, गोंगाट आहे, असे म्हणणारे असणारच. त्यांच्या एका अल्बमचे नावच ‘द क्राफ्ट ऑफ प्रिमिटिव्ह क्लेझ्मर’. लग्नातली चाल सुरू होते, मध्येच तुटते, ड्रम अंगावर येतात, पुन्हा ती चाल डोके वर काढते. मला हे संगीत सलग तासभर ऐकवत नाही, हे सांगून टाकतो. परंतु ते खोटे वाटत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात क्लेझ्मरचे पुनरुज्जीवन झाले, न्यूयॉर्कच्या क्लेझ्मॅटिक्सना पुढे ग्रॅमीही मिळाले. तिथे जुन्या तबकड्या ऐकून ऐकून वाजवणाऱ्यांनी ही विद्या आत्मसात केली, आणि उत्तम केली. ज्यांच्या घरात मधल्या दोन पिढ्या गप्प होत्या, त्यांनी तीच चाल गुळगुळीत करून वाजवली असती तर ती मधली शांतता कुठे गेली, असे मीच विचारले असते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले आणि या प्रश्नाला नवी धार आली. रशिया आणि युक्रेन, दोन्हीकडून हजारो माणसे पुन्हा इस्राएलला आली. हल्ला करणाऱ्याची भाषा रशियन, आणि बॉम्ब चुकवून आलेल्या कित्येकांचीही रशियनच. भाषेला देशाच्या पासपोर्टात कोंबता येत नाही, हे या माणसांच्या स्वयंपाकघरात रोज दिसते.

युद्ध पोहोचले त्या कीव्हमध्येच क्लेझ्मरचा सर्वांत मोठा ठेवा आहे. मोइसेई बेरेगोव्स्की नावाच्या संशोधकाने गावोगाव हिंडून वाजंत्र्यांचे संगीत मेणाच्या नळ्यांवर ध्वनिमुद्रित केले. महायुद्धाच्या काळातली, सैनिकांनी, निर्वासितांनी, बायकांनी, मुलांनी रचलेली यिडिश गाणीही त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जमवली. १९५० मध्ये त्याला अटक झाली, तो सैबेरियातल्या छावणीत गेला, १९५५ मध्ये सुटला आणि १९६१ मध्ये वारला. आपले कागद नष्ट झाले अशीच त्याची समजूत होती. ते १९९० च्या दशकात कीव्हच्या व्हेर्नाद्स्की ग्रंथालयात खोक्यांमध्ये सापडले. २००५ मध्ये युनेस्कोने हजाराहून अधिक नळ्यांच्या त्या संग्रहाची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. त्यातली युद्धगीते २०१८ मध्ये ‘यिडिश ग्लोरी’ या नावाने अल्बमरूपात निघाली. कागदावर बहुतेक शब्दच होते, चाली नव्हत्या. त्या बसवण्याचे काम केले प्सोय कोरोलेंकोने. तोही मॉस्कोत वाढलेला, रशियनभाषक.