वारशाचे राखणदार घडविणारे गुरुजन

जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात त्यांच्या दर्शनासाठी रांगा लागल्या. पुढच्याच वर्षी, 2025 मध्ये, नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार राज्य शासनाने लंडनमधील लिलावातून मिळवून मायदेशी आणली. दोन्ही प्रसंगी समाजमन उचंबळून आले. ज्या समाजाला आपल्या पूर्वजांच्या शस्त्रांचे दर्शन घेऊन भरून येते, तो समाज अजून जिवंत आहे, याची ती खूण होती.

परंतु स्वागताचा मांडव उतरला की एक प्रश्न मागे उरतो. काचेच्या पेटीत विराजमान झालेल्या त्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून पेटीतील हवा किती कोरडी हवी, हे कोण सांगणार? येणाऱ्या शाळकरी मुलाला त्या वस्तूविषयी काय सांगायचे, हे कोण ठरविणार? अफझलखानवधाच्या वेळी हीच वाघनखे वापरली गेली, याची खात्री करता येत नाही, असे लंडनच्या त्या संग्रहालयानेच नमूद केलेले आहे. त्यावरून आपल्याकडे पुष्कळ वादंग माजले. मात्र लोकांच्या श्रद्धेचा अवमान न करता आणि पुराव्याशी प्रतारणा न करता, चार ओळींच्या फलकावर खरे तेवढेच लिहिणे ही एक विद्या आहे, ती शिकावी लागते आणि ती शिकविणारे गुरूही असावे लागतात, हा मुद्दा त्या गदारोळात कोणाच्या ध्यानी आला नाही. त्या विद्येचे नाव संग्रहालयशास्त्र. तिचे विद्यापीठीय अध्यापक आपल्या समाजात जवळजवळ अज्ञातवासात आहेत.

ही विद्या आपल्याकडे परकी किंवा कालपरवाची नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी उभारलेले संग्रहालय 1894 पासूनचे आहे. महाराजांच्या नावाचे विद्यापीठ 1949 मध्ये स्थापन झाले आणि 1952 मध्ये तेथे संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. देशातील हा पहिला विभाग. देशाची घटना लागू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि अन्नधान्याची भ्रांत मिटलेली नव्हती. त्या काळातही नव्या राष्ट्राला अभियंत्यांप्रमाणेच वारशाचे प्रशिक्षित राखणदार लागतील, हे कोणाला तरी उमगले होते. या बडोदे परंपरेत संग्रहालयाचे संचालक व्ही. एल. देवकर आणि विभागात अध्यापन केलेले व्ही. एच. बेडेकर ही मराठी नावे आदराने घेतली जातात. कलकत्ता विद्यापीठाने 1937 मध्येच आशुतोष संग्रहालय स्थापन केले होते. 1959 मध्ये तेथेही हा विषय सुरू झाला. काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात भारत कला भवनाच्या सान्निध्यात तो शिकविला जातो.

या अध्यापकांची तज्ज्ञता नेमकी कशात असते? इतिहासाचा प्राध्यापक ताम्रपट वाचतो, रसायनशास्त्राचा प्राध्यापक तांब्याचे गुणधर्म जाणतो. संग्रहालयशास्त्राच्या अध्यापकाला दोन्ही जाणून तो ताम्रपट पुढील दोनशे वर्षे टिकवायचा असतो आणि सामान्य माणसाला समजेल असा मांडायचाही असतो. कांस्यमूर्तीवर दिसणारा हिरवट थर सर्वत्र सारखा नसतो. कठीण, एकजीव थर मूर्तीचे रक्षण करतो. भुकटीसारखा सुटणारा फिकट हिरवा डाग मात्र क्षारांनी धातू आतून खाल्ला जात असल्याची सूचना असते. जुन्या पोथीवर वा पैठणीवर पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडू नये, असा दंडक आहे. भर दुपारच्या उन्हात हेच माप एक लाखाच्या घरात जाते. आपल्या दमट पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर रेंगाळली की कागदावर बुरशी धरू लागते. वस्तूवर क्रमांक घालायचा तो पुसता येईल अशा रीतीने, पारदर्शक लेपावर, नजरेत न भरणाऱ्या जागी. हे ज्ञान पुस्तकातून अर्धेच मिळते. उरलेले अर्धे गुरूच्या शेजारी उभे राहून, वस्तू दोन्ही हातांनी उचलायला शिकताना मिळते.

म्हणूनच या क्षेत्रातील थोर अध्यापकांची कारकीर्द सरळ रेषेत गेलेली दिसत नाही. वासुदेवशरण अग्रवाल मथुरा आणि लखनौच्या संग्रहालयांत वर्षानुवर्षे मूर्तींच्या सहवासात राहिले, दिल्लीत राष्ट्रीय पातळीवरील संग्रहांचे काम पाहिले आणि मग 1951 मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापनाकडे वळले. ‘पाणिनिकालीन भारतवर्ष’ लिहिणाऱ्या या विद्वानाची भारतीय कलेची समज अशी प्रत्यक्ष वस्तूंच्या सान्निध्यात परिपक्व झाली होती. अमेरिकेतून आलेल्या ग्रेस मॉर्ली 1960 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पहिल्या संचालिका झाल्या. त्या पदावरून मुक्त झाल्यावरही त्या परत गेल्या नाहीत. भारतीय संग्रहालयकर्मींची एक पिढी घडविण्यात त्यांनी उर्वरित आयुष्य वेचले. त्यांना लोक ‘माताजी’ म्हणत. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि 1985 मध्ये दिल्लीतच त्यांचा देह विसावला. आपले बेडेकर तर संग्रहालयाला चार भिंतींबाहेर घेऊन गेले. कोकणातील चौल-कोर्लईसारखा परिसर, तेथील माणसे, बोली आणि व्यवसाय यांसह जागच्या जागी जपता येईल का, याचा त्यांनी विचार केला. ‘न्यू म्युझिऑलॉजी फॉर इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. अशी माणसे केवळ परीक्षांच्या बळावर तयार होत नसतात.

आजची अडचण नेमकी येथेच आहे. विद्यापीठात साहाय्यक प्राध्यापक व्हायचे तर पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा हव्यात, किंवा विद्यावाचस्पती पदवी. हा नियम अयोग्य नाही. गुणवत्तेची काही किमान कसोटी असलीच पाहिजे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, वीस वर्षे संग्रहालयाच्या कोठीत काढलेला, स्पर्शाने वस्त्राचे वय सांगणारा माणूस वर्गाच्या दाराबाहेर राहू शकतो, आणि एकही मूर्ती न उचललेला उमेदवार मूर्तिसंरक्षणावर व्याख्यान देऊ शकतो. त्यातच, विभाग लहान म्हणून पदे थोडी आणि पदे थोडी म्हणून विद्यार्थीही थोडे, असे हे चक्र फिरत राहते.

हे चक्र भेदण्याची एक वाट उपलब्ध झालेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही योजना जाहीर केली. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे अनुभव असलेल्या नामवंत व्यक्तीला औपचारिक पात्रतेच्या अटीशिवाय अध्यापनासाठी घेता येते. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. उद्योग आणि व्यवस्थापनाच्या क्षेत्रातील मंडळींना या योजनेचे आकर्षण वाटणारच. पण अभिरक्षक, मूर्तिसंरक्षक आणि हस्तलिखितांचे जतन करणारे तंत्रज्ञ यांच्यासाठी महाराष्ट्रातील किती विद्यापीठांनी तिचा विचार केला आहे, हे प्रत्येक अधिसभा सदस्याने आपल्या विद्यापीठात विचारून पाहावे.

प्रशिक्षणाच्या अभावी काय होते, याचे एक दृश्य आम्ही विसरू शकत नाही. काही वर्षांपूर्वी एका गावी तेथील लहानसे संग्रहालय पाहण्याचा योग आला. मान्यवर पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी सेवकांनी सारे स्वच्छ केले होते. एका घराण्याने मोठ्या विश्वासाने दिलेला ताम्रपटही चिंच आणि राख लावून देवघरातल्या तांब्यासारखा लखलखीत घासला होता. उथळ कोरलेली अक्षरे ठिकठिकाणी पुसट झाली होती. ज्याने घासला त्याचा हेतू शुद्ध होता, त्याला सांगणारे कोणी नव्हते. परचक्रात वाचलेला तो ताम्रपट घरच्याच माणसाच्या भक्तीने झिजला.

याउलट, कोणी तरी निगुतीने ठेवलेली नोंद काय करू शकते, तेही पाहा. तामिळनाडूतील श्रीपुरंतान येथील मंदिरातून चोरीस गेलेली नटराजाची कांस्यमूर्ती 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे पन्नास लाख डॉलरना विकत घेतली होती. ही मूर्ती त्याच मंदिरातील आहे, हे सिद्ध करताना उपयोगी पडली ती पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने चोरीपूर्वी मंदिरातच काढून ठेवलेली छायाचित्रे. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती मूर्ती भारताच्या स्वाधीन केली. जनतेचा रोष, शासनाचा पाठपुरावा, मुत्सद्द्यांचे प्रयत्न हे सारे आवश्यकच. परंतु देव घरी परतला तो एका छायाचित्राचा हात धरून. आणि ते छायाचित्र काढून ठेवण्याचे काम एका परदेशी संस्थेने केले होते, ही बाब आपल्याला अंतर्मुख करणारी आहे. मूर्तीचे छायाचित्र चारही बाजूंनी, मोजपट्टी ठेवून घ्यावे, उंची आणि वजन लिहावे, भंगलेले बोट वा झिजलेली कडा आवर्जून टिपावी, हा संग्रहालयशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा धडा आहे. आपल्या गावोगावच्या मंदिरांपैकी किती ठिकाणी तो गिरविला गेला आहे?

पुण्यात दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने एकहाती संग्रहालय उभे केले. सुमारे वीस हजार वस्तू जमविल्या. अशी माणसे शतकात एखादी जन्मतात. त्यांच्या पश्चात तो संग्रह सांभाळायला मात्र दर पिढीत शेकडो प्रशिक्षित हात लागतात. त्याग व्यक्तीचा असतो. सातत्य शिक्षणातूनच येते. व्रतस्थ संग्राहकांचे पुतळे उभारणाऱ्या समाजाने त्यांचे वारस घडविणाऱ्या शिक्षकाला दोन खोल्या, एक प्रयोगशाळा आणि भरलेली पदे द्यायला कचरावे, हे शोभणारे नाही.

आमची अपेक्षा फार मोठी नाही. विद्यापीठांनी रिक्त पदे भरावीत आणि अनुभवी संग्रहालयकर्मींना वर्गात सन्मानाने आणावे. संग्रहालयांनी आपली कोठी विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी खुली करावी. कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील मंदिर, वाडा वा वाचनालयातील जुन्या वस्तूंची यादी करण्याचा संकल्प करावा. मात्र त्याआधी या विषयाच्या एखाद्या अध्यापकाला बोलावून दोन दिवसांचा वर्ग घ्यावा, म्हणजे उत्साहापोटी दुसरा ताम्रपट घासला जाणार नाही. आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी, बारावीनंतर कला शाखेकडे वळू पाहणाऱ्या मुलीला वा मुलाला ‘याला भविष्य काय?’ असे विचारण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

परदेशातून आपल्या वस्तू परत याव्यात, ही मागणी न्याय्य आहे आणि ती करीत राहिलेच पाहिजे. परंतु त्या येतील तेव्हा आपले घर सिद्ध असले पाहिजे. ते सिद्ध करणारे हात ज्या वर्गात घडतात, त्या वर्गातील शिक्षकाची खुर्ची रिकामी राहता कामा नये.