छंदाची मिळकत

खापरखेड्याच्या आमच्या एका स्नेह्यांची कन्या पतीसह लंडनला असते. विरंगुळा म्हणून ती पाककृतींचीं चलच्चित्रें यूट्यूबवर घालते. त्यांचे पैसे येथें वडिलांच्या खात्यांत यावेत, असें तिच्या मनीं आहे. पितृभक्ति स्तुत्य खरी. पण अनिवासी व्यक्तीचें उत्पन्नहि तिच्या वतीनें प्रथम भारतांत स्वीकारलें गेलें, तर येथील प्राप्तिकरास पात्र होतें. तिनें तें तिकडील खात्यांत घ्यावें, मग खुशाल वडिलांस धाडावें! तिकडे करवर्ष ६ एप्रिलपासून धरतात. खर्च वजा न करितां अशी वार्षिक प्राप्ति १,००० पौंडांवर गेली, तर वर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत करखात्यास कळवावें लागतें. केवळ छंद, ही सबब सहसा चालत नाहीं. विद्यार्थी म्हणून तेथें गेलेल्यांस तर स्वतंत्र धंदाच वर्ज्य आहे. ज्यांचे चिरंजीव तिकडे शिकत आहेत, त्यांनीं पुढच्या फोनवर हें अवश्य विचारावें.