मार्टिन बेकचे वाचक

रहस्यकथा ही पक्षकार्यकर्त्याने उघडपणे वाचावयाची वस्तू नव्हे, असा एक संकेत डाव्या चळवळीत बरीच वर्षे पाळला गेला. अभ्यासवर्गाला निघालेल्या कार्यकर्त्याच्या पिशवीत वर वैचारिक ग्रंथ आणि तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली, एखादी खुनाची कथा, हे दृश्य अनेकांना परिचित असेल. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर मराठी वाचकांच्या पिढ्या पोसल्या. त्यांपैकी कित्येक पुढे मोर्चांत आणि तुरुंगात गेले. पण अर्नाळकरांचे ऋण जाहीरपणे मान्य करताना त्यांच्यापैकी फारसे कोणी आढळत नाही.

या संकोचामागे एक आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. रहस्यकथा वाचकाची समजूत घालते. जग मुळात ठीकठाक आहे, एका दुर्जनाने ते बिघडविले आहे, आणि तो पकडला गेला की सारे पूर्ववत होणार आहे, अशी ही समजूत असते. शेवटच्या पानावर बेड्या पडतात आणि वाचक दिवा मालवून निर्धास्त झोपतो. खून झाला तो वाडा कोणाच्या श्रमावर उभा होता, हा प्रश्न त्या कथेत उद्भवतच नाही. बहुसंख्य रहस्यकथांना हा आक्षेप लागू पडतो. प्रश्न आहे तो नियमाला धक्का देणाऱ्या लेखकांचा. आणि त्याहून अवघड प्रश्न आहे तो त्यांच्या वाचकांचा.

स्वीडनमधील माय श्योवाल आणि पेर वालो हे सहजीवन जगणारे लेखकयुगुल. दोघेही पत्रकार, दोघेही मार्क्सवादी. 1965 ते 1975 या दहा वर्षांत त्यांनी दहा कादंबऱ्या लिहिल्या. मुले झोपली की रात्री लिहावयास बसावयाचे आणि एकाआड एक प्रकरण वाटून घ्यावयाचे, अशी त्यांची रीत होती. प्रत्येक कादंबरीत तीस प्रकरणे, म्हणजे सारी मिळून तीनशे प्रकरणांची एकच दीर्घ कथा. आणि या समग्र मालेला त्यांनी नाव दिले ‘एका गुन्ह्याची कथा’. दहा पुस्तकांत गुन्हे पुष्कळ आहेत, मग एका गुन्ह्याची कथा कशी? लेखकांच्या मते खरा गुन्हा एकच होता: कल्याणकारी राज्याचा मुखवटा धारण करून स्वीडनमधील भांडवलशाहीने आणि तिच्याशी जुळवून घेणाऱ्या सत्ताधाऱ्यांनी सामान्य माणसाशी केलेला द्रोह.

हे लिहिण्यासाठी त्यांनी प्रबंधाऐवजी पोलिसी कथा का निवडली? कारण प्रबंध वाचणारे आधीच पटलेले असतात. पहिल्या ‘रोझना’त राजकारण जवळजवळ दिसत नाही. कालव्यातून एका तरुणीचा मृतदेह वर येतो आणि स्टॉकहोमचा मार्टिन बेक नावाचा, पोटदुखीने आणि बिघडलेल्या संसाराने त्रस्त झालेला अधिकारी महिनोन्महिने चिकाटीने माग काढीत राहतो, एवढेच. वाचकाला बेकची सवय लागली, आणि मग हळूहळू पडदा वर सरकू लागला. चौथ्या ‘द लाफिंग पोलिसमन’ची सुरुवात होते ती व्हिएतनाम युद्धाविरुद्ध अमेरिकी वकिलातीवर निघालेल्या मोर्चाने. शहराचे पोलीस निदर्शकांवर दंडुके चालविण्यात गुंतलेले असतानाच अन्यत्र एका बसमध्ये नऊ जण गोळ्यांना बळी पडतात.

या मालेची खरी ताकद पाहावयाची तर 1970 मधील ‘मर्डर ॲट द सॅव्हॉय’ आणि 1971 मधील ‘दि अबॉमिनेबल मॅन’ ही दोन पुस्तके पाहावीत. पहिल्यात माल्मो शहरातील एका प्रतिष्ठित हॉटेलात भोजनोत्तर भाषण करीत असलेल्या पाल्मग्रेन नावाच्या उद्योगपतीवर गोळी झाडली जाते. त्याचे साम्राज्य घरभाड्यापासून बेकायदा शस्त्रविक्रीपर्यंत पसरलेले. त्यामुळे वरिष्ठांना आंतरराष्ट्रीय कटाचा वास येतो. मारेकरी निघतो तो एक साधा कामगार. पाल्मग्रेनच्याच कंपनीने त्याला कामावरून काढले, पाल्मग्रेनच्याच मालकीच्या घरातून त्याला बाहेर काढण्यात आले, पाठोपाठ संसार मोडला. प्रकरण उलगडते, पण बेकला आनंद होत नाही, आणि वाचकालाही होत नाही. दुसऱ्या पुस्तकात एका क्रूर पोलीस अधिकाऱ्याचा इस्पितळातच खून होतो. त्यामागे आहे एका मधुमेही स्त्रीचा मृत्यू. इन्शुलिनअभावी रस्त्यात कोसळलेल्या त्या बाईला दारुडी समजून पोलिसांनी कोठडीत टाकले, आणि ती तेथेच मेली. तिचा नवरा स्वतः पोलीस होता. तो रायफल घेऊन छपरावर चढतो आणि खाली दिसेल त्या गणवेशावर गोळ्या झाडू लागतो. कोठडीतील मृत्यूची चौकशी करणारेही पोलीसच, हे ज्या देशातील वाचकाला सांगावे लागत नाही, त्या देशातील वाचकाने हे पुस्तक एकदा तरी वाचावे.

हे वैभव शेवटपर्यंत सारखे टिकले नाही, हेही नोंदविले पाहिजे. उत्तरार्धातील पुस्तकांत वरिष्ठ पोलीस अधिकारी निव्वळ विदूषक होतात. 1965 मध्ये पोलीस दलाचे राष्ट्रीयीकरण झाल्यापासून सारे कसे बिघडले, याची तक्रार इतक्या वेळा येते की समविचारी वाचकही पाने उलटू लागतो. मधुमेही बाईच्या कोठडीने जे साधले, ते मागाहूनच्या भाष्यांनी साधले नाही. पत्रके लिहिणाऱ्या आपल्याकडील मंडळींनीही हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

वाचकांनी या मालेचे काय केले? त्यांनी ती उदंड वाचली. जगातील अनेक भाषांत तिची भाषांतरे झाली. ‘द लाफिंग पोलिसमन’ला 1971 मध्ये अमेरिकेचे एडगर पारितोषिक मिळाले. पण वाचकांनी उचलला तो बेक; त्याची पोटदुखी, त्याची सर्दी, त्याचा एकाकीपणा. फिर्याद बरीचशी मागे राहिली. हॉलिवुडने 1973 मध्ये या कादंबरीवर चित्रपट काढला तेव्हा कथा सरळ सॅन फ्रान्सिस्कोला नेली. स्टॉकहोममधील ज्या रात्रीशी ती बांधलेली होती ती रात्रच गेली. भांडवली बाजाराला टीकेचे भय वाटत नाही; टीका गाळून उरलेला माल तो विकू शकतो.

परंतु सारा दोष बाजाराच्या माथी मारणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नव्हे. ज्या सोशल डेमोक्रॅट पक्षावर या कादंबऱ्या डावीकडून तुटून पडल्या, तो पक्ष 1976 च्या निवडणुकीत चाळीसहून अधिक वर्षांनंतर सत्तेवरून गेला. आणि सत्ता गेली ती उजव्या आणि मध्यममार्गी पक्षांच्या आघाडीकडे. कादंबऱ्यांनी सरकार पाडले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. तथापि नोकरशाहीविषयी, बधिर कचेऱ्यांविषयी, घरे पाडून उभ्या केलेल्या काँक्रीटविषयी जो संताप या पानांत आहे, तो उजवा वाचकही आपलाच म्हणून वाचू शकत होता. असंतोष जागविणे आणि त्याला दिशा देणे ही दोन वेगळी कामे आहेत; दुसरे काम कादंबरीकाराचे नव्हे, पक्षाचे होते. लोकशाही समाजवादाचा नमुना म्हणून स्वीडनकडे पाहणाऱ्या भारतीय समाजवाद्यांनीही ही टीका शत्रूची समजून बाजूला सारण्याचे कारण नाही. 1987 मध्ये स्वीडिश नभोवाणीने बोफोर्स तोफांच्या व्यवहारातील लाचेचा गौप्यस्फोट केला तेव्हा ‘स्वीडनसारख्या देशात असे?’ म्हणून येथे अनेकजण चकित झाले. पाल्मग्रेनची कथा वाचलेल्याला इतके आश्चर्य वाटले नसते.

1975 मधील अखेरच्या ‘द टेररिस्ट्स’मध्ये रेबेका लिंड नावाची एक भोळी तरुणी येते. तान्ह्या मुलासाठी कर्ज मागावयास ती बँकेत जाते आणि दरोडेखोर ठरते. व्हिएतनाम युद्धातून पळालेला तिचा अमेरिकन साथीदार मायदेशी परतताच तुरुंगात पडतो आणि आत्महत्या करतो. अखेर ती पंतप्रधानांवर गोळी झाडते. प्रशिक्षित दहशतवाद्यांच्या मागे लागलेल्या यंत्रणेला ही मुलगी दिसलेलीच नसते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बेक आणि त्याचे मित्र शब्दांचा खेळ खेळत बसलेले आहेत. पोलिसांतून राजीनामा दिलेला कोलबर्ग तो खेळ संपवितो, आणि तीनशे प्रकरणांचा अखेरचा शब्द ठरतो ‘मार्क्स’.

वालो त्याच वर्षीच्या जून महिन्यात वारला. 1976 चा निकाल त्याने पाहिला नाही. श्योवाल 2020 पर्यंत हयात होती. बेकवर 1997 पासून जी दूरचित्रवाणी मालिका निघू लागली, तीत पात्रे तेवढी या दोघांची आणि कथा इतरांच्या होत्या. तिचे नाव नुसते ‘बेक’ असे ठेवण्यात आले होते.