फेरी बोटीचा हिशेब

पूर्णेला पूर आला आणि येरळीच्या जुन्या पुलावरून पाणी गेले की आम्हा खामगावच्या कापडवाल्यांचा जळगाव जामोदचा बाजार बुडायचा. गाठोडी टेम्पोत तशीच पडून राहत. पाणी आडवे आले की धंद्याचे काय होते ते आम्ही तिथे शिकलो. म्हणूनच काही वर्षांपूर्वी उधारीच्या वसुलीसाठी दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळची फेरी बोट लागली, ती आम्ही दुकानदाराच्या नजरेने पाहिली.

दाभोळ हे बहामनी व आदिलशाही काळातले नामांकित बंदर. पंधराव्या शतकात आलेल्या निकितिन या रशियन व्यापाऱ्याने इथे अरबस्तान-खुरासानचे घोडे उतरत असल्याचे लिहून ठेवले आहे. आता तिथे मोटारी चढतात. सुवर्णदुर्ग शिपिंग या कंपनीने २००३ साली दाभोळ ते धोपावे ही सेवा सुरू केली. वाशिष्ठीची खाडी बोट काही मिनिटांत ओलांडते. एरवी खेड-चिपळूणवरून शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा. पुढे वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड आणि दिघी-आगरदांडा इथेही याच कंपनीच्या बोटी लागल्या.

लोकांना वाटते, भरलेली बोट म्हणजे नफा. आमच्या मते या धंद्याची खरी परीक्षा रिकाम्या बोटीची आहे. आम्ही गेलो त्या दुपारी दोन मोटारी, एक रिक्षा आणि मासळीच्या टोपल्या घेतलेल्या चार बाया, एवढेच गिऱ्हाईक होते. तरी वेळ होताच खलाशाने फळी उचलली. डिझेल तेवढेच जळाले, सारंगाचा पगार तोच. पण बोट वेळेवर सुटते ही खात्री नसेल तर उद्या कोणी घाटावर येणारच नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक नसले तरी दुकान सकाळी उघडावेच लागते, तसेच हे. त्यात खारे पाणी लोखंड खाते, भरती-ओहोटीप्रमाणे जेटीवर फळी टेकण्याची जागा बदलते, पावसाळ्यात गिऱ्हाईक आटते, आणि दुरुस्तीसाठी बोट पाण्याबाहेर काढली की तिची कमाई बंद.

आता या खाड्यांवर रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे पूल व्हायचे आहेत. या मार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांची. १९८० ते १९८२ या काळात ते मुख्यमंत्री होते. पूल जरूर व्हावेत. रात्री-बेरात्री बाळंतीण न्यायची असेल तर बोटीची वाट कोण पाहणार? येरळीचा अनुभव घेतलेला माणूस पुलाला विरोध करूच शकत नाही.

आमची तक्रार पुलाबद्दल नाही, तारखेबद्दल आहे. बाणकोटच्या खाडीवर पुलाचे काम सुरू झाले आणि वर्षानुवर्षे अर्धवट राहिले. तेवढा काळ लोक वेसवी-बागमांडल्याच्या बोटीनेच ये-जा करत राहिले. पूल उद्या होणार म्हटले तर नवी बोट कोण बांधील, आणि बँक कर्ज कशावर देईल? पण पूल दहा वर्षे झालाच नाही तर जुनी बोट किती ओढणार? व्यापारी तोटा सोसतो. अधांतरी राहणे त्याला सोसत नाही.

पूल झाल्यावर बोट दुसऱ्या खाडीत नेता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर फेरी सुरू झालीच की. पण धोपाव्याचा खलाशी, जेटीवरचा चहावाला, शहाळीवाला यांना कोण उचलून नेणार? पुलाच्या अंदाजपत्रकात सिमेंट-लोखंडाचा आकडा असतो, त्यात यांच्यासाठीही एक ओळ असावी. आणि सरकारने प्रत्येक खाडीची तारीख लेखी द्यावी, चुकली तर नवी द्यावी. आम्ही उधारीवालाकडूनही एवढेच मागतो. गुहागरच्या त्या गिऱ्हाइकाने तारीख दिली होती आणि पाळलीही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने आम्ही पैसे घेऊन परत निघालो.